धम्मयात्रेचा वेग कोणी ठरवायचा? आजारी आणि दिव्यांग बांधवांना सोबत नेताना

वर्षावास संपतो, कठिण चीवरदानाचे कार्यक्रम पार पडतात आणि आपल्या वस्त्यांतल्या व्हॉट्सॲप गटांवर धम्मयात्रांच्या जाहिराती फिरू लागतात. नऊ-दहा दिवसांत आठ महास्थाने. पहाटे चारला उठायचे, रात्री अकराला मुक्कामी पोहोचायचे, सकाळी पुन्हा गाडीत. जाहिरातीच्या तळाशी बऱ्याचदा एक ओळ असते : आजारी आणि अपंग व्यक्तींनी नावे देऊ नयेत.

ही ओळ लिहिणाऱ्याच्या मनात कोणाबद्दल आकस नसतो. त्याला चाळीस माणसे सुखरूप परत आणायची असतात. पण या एका ओळीने यादीतून कोण कोण गळते ते पाहा. १९५६ साली आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर गेलेली आणि आता गुडघ्यांनी जागेवर बसलेली आजी. निवृत्तीनंतर वर्षभरात अर्धांगवायू झालेले काका. विदर्भातली सिकलसेल असलेली तरुणी. लहानपणी पोलिओ झालेला आणि दर १४ एप्रिलला जयंती मंडळाचा पैसा न पैसा हिशेबात ठेवणारा कार्यकर्ता. यांच्या वर्गणीतून आपले विहार उभे राहिले. बुद्धगयेला जायची वेळ आली की मात्र त्यांना आपण एकच सांगतो : तुम्ही पुढच्या वेळी या. ती पुढची वेळ सहसा येत नाही.

आम्ही सामाजिक कामातले काही मित्र-मैत्रिणी गेल्या काही वर्षांत अशा बांधवांना सोबत घेऊन सारनाथ, बोधगया आणि राजगीरला जाऊन आलो. त्या अनुभवातून एक सूत्र हाती आले : गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा. हे सूत्र आम्ही शोधून काढलेले नाही. ते विनयपिटकातच आहे. ते तिथे कसे आले आणि प्रत्यक्षात कसे पाळता येते, हे या लेखात मांडत आहोत.

वाटेत आजारी पडलेला भिक्खू

महावग्गात एक छोटी नोंद आहे. कोसल देशातला एक भिक्खू भगवान बुद्धांच्या दर्शनासाठी श्रावस्तीला निघाला होता. वाटेत तो आजारी पडला आणि झाडाखाली बसून राहिला. जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांनी विचारपूस केली, आमच्या गाडीत बसा म्हणाले. पण भिक्खूंनी वाहन वापरू नये असा नियम तेव्हा होता. नियम मोडेल या भीतीने तो गाडीत चढला नाही. पुढे ही हकिकत बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी भिक्खूच्या निष्ठेचे कौतुक करून विषय संपवला नाही. त्यांनी नियमच बदलला. आजारी भिक्खूला वाहन वापरण्याची मुभा मिळाली आणि पुढे पालखीचीही मिळाली.

हा भिक्खू यात्रेकरूच होता. त्याच्या आजारपणामुळे संघाचा नियम बदलला. आपल्या यात्रांमध्ये नेमके उलटे घडते. वेळापत्रक जसेच्या तसे राहते आणि माणूस वगळला जातो.

त्याच महावग्गात आणखी एक प्रसंग आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकला असेल. बुद्ध आणि आनंद विहारात फिरत असताना त्यांना अतिसाराने खंगलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धांनी पाणी आणायला लावले आणि त्याला स्वतः धुतले. एका बाजूने बुद्धांनी, दुसऱ्या बाजूने आनंदाने उचलून त्याला मंचकावर झोपवले. मग संघाला बोलावून ते म्हणाले की इथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तरुण अभ्यासकांनी तो घ्यायलाच हवा. याच विनयात काही आजार आणि काही शारीरिक व्यंगे असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असे नियमही आहेत. ते खरे आहे. पाच आजारांच्या नियमामागची हकिकतही तिथेच दिली आहे. मगधात साथ पसरली होती, तेव्हा जीवकाकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून लोक भिक्खू होऊ लागले आणि बरे झाले की चीवर सोडून जाऊ लागले. जीवकानेच बुद्धांना ही अडचण सांगितली. या नियमांवर आजच्या मूल्यांनी चर्चा जरूर व्हावी. पण ते भिक्खुसंघातल्या प्रवेशाचे नियम आहेत. उपासक-उपासिका होण्याला किंवा बुद्धस्थानी जाण्याला शरीराची कोणतीही अट घातलेली नाही.

ज्यांनी यात्रा सांगितली ते स्वतः आजारी होते

लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही चार स्थाने श्रद्धावंतांनी पाहावीत, हा उल्लेख महापरिनिब्बान सुत्तात येतो. भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका असे चारही वर्ग तिथे नावाने सांगितले आहेत. हे बोलताना बुद्ध कोणत्या अवस्थेत होते, हे आपण विसरतो.

ते ८० वर्षांचे होते. राजगृहाच्या गृध्रकूटावरून निघून नालंदा, पाटलिगाम, वैशाली असा प्रवास झाला होता. वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावासात त्यांना मरणप्राय आजार झाला. आपले शरीर जुन्या, दोरखंडाने बांधून कशीबशी चालवलेल्या गाडीसारखे झाले आहे, असे ते आनंदाला म्हणाले. पावा येथे चुंदाकडचे भोजन झाल्यावर रक्तातिसार सुरू झाला. कुशीनाराच्या वाटेवर ते झाडाखाली बसले, चीवराची घडी अंथरायला सांगितली आणि पाणी मागितले. पुढे नदीत स्नान करून पुन्हा आडवे झाले. मग पुन्हा चालले. बरोबरचा भिक्खुसंघ त्यांच्यासोबत थांबत थांबतच गेला.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, ती प्रत्येक यात्रा-संयोजकाने लक्षात ठेवावी. आपल्या आजाराचा दोष चुंदावर येऊ नये याची काळजी बुद्धांनी शेवटच्या घडीला घेतली. यात्रेत कोणाचे पोट बिघडले की आपण आधी आचाऱ्याला धारेवर धरतो.

आणि बाबासाहेब? १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दीक्षाभूमीवर उभे राहिले तेव्हा हातात काठी होती आणि आधाराला सोबत्याचा खांदा होता. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर पोखरले होते. तरीही नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्याच प्रवासात लुंबिनी, सारनाथ आणि कुशीनगर पाहून ३० नोव्हेंबरला दिल्लीला परतले. सहा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आजारी माणसाने नाव देऊ नये हा नियम तेव्हा कोणी लावला असता तर बाबासाहेबांचे नाव यादीत राहिले नसते.

“मागच्या जन्मीचे भोग”

काही घरांत आजही दिव्यांग मुलाबद्दल बोलताना हे शब्द निघतात. त्रिशरण-पंचशील घेणाऱ्या घरांतही निघतात. त्यामुळे यात्रेच्या आधीच्या बैठकीत हा विषय आम्ही मुद्दाम काढतो.

संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे का? बुद्धांनी ते नाकारले. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची आबाळ, बाहेरून झालेला आघात अशी कारणे त्यांनी सांगितली. कर्म हे त्या यादीतले आठवे कारण. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते ही कल्पना धम्माशी विसंगत ठरवली. सिकलसेल आईवडिलांच्या जनुकांतून येतो, पोलिओ विषाणूने होतो. यात कोणाचे पाप नाही.

याच कारणासाठी आपल्या यात्रेत बरे होण्याचे आश्वासन देता येत नाही. बोधिवृक्षाखाली बसल्याने लुळा पडलेला हात हलणार नाही. हे यात्रेकरूंना आधी स्पष्ट सांगावे, कारण आजारी माणसाच्या आशेचा बाजार आपण इतरत्र पाहिलेला आहे. मग जायचे कशाला? निरोगी माणूस ज्यासाठी जातो त्यासाठीच. ज्या भूमीवर हा विचार उभा राहिला ती पाहायला, आपल्या माणसांसोबत तिथे वंदना म्हणायला.

शरीराच्या ठेवणीवरून माणसाची किंमत ठरत नाही, याची उदाहरणे आपल्या परंपरेतच आहेत. लकुंटक भद्दिय ठेंगणे होते, त्यांची थट्टा होई. मधुर आवाजाच्या भिक्खूंमध्ये बुद्धांनी त्यांना अग्रस्थान दिले. कौशांबीच्या राजवाड्यातली दासी खुज्जुत्तरा कुबडी होती. बहुश्रुत उपासिकांमध्ये ती अग्र ठरली. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आपल्यापर्यंत आला अशी परंपरा आहे.

शब्दाबद्दलही थोडे. ‘दिव्यांग’ हा सरकारी कागदांतला शब्द आम्ही वापरतो, पण त्यातले ‘दिव्य’ अनेक कार्यकर्त्यांना खटकते. ज्याच्याबद्दल बोलायचे त्यालाच विचारावे, तो सांगेल तो शब्द वापरावा.

अडचण पायात की पायरीत?

समाजशास्त्रात दिव्यांगत्वाकडे पाहण्याची एक दृष्टी आहे. माणसाचा पाय अधू असतो हे खरे, पण त्याला बाहेर ठेवते ती पायरी. उतार असेल तर तोच माणूस आत जातो. जातीचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला हे पटवून द्यावे लागू नये. दोष अंगात नसतो, रचनेत असतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ याच विचारावर उभा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली आहेत आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही त्यात येतात.

ही नजर घेऊन आपली स्थाने पाहू.

सारनाथ सर्वांत सोयीचे. वाराणसीपासून सुमारे १० किलोमीटर. धमेक स्तूपाचा परिसर सपाट आहे, चाकाची खुर्ची बऱ्याच भागात फिरते. ४३ मीटरहून उंच असलेला स्तूप खुर्चीत बसूनही तितकाच दिसतो. अशोकाचा सिंहशीर्ष असलेले संग्रहालय जवळच आहे. ते शुक्रवारी बंद असते, म्हणून वार पाहून जावे.

बोधगयेचे महाबोधी महाविहार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे पायऱ्या उतराव्या लागतात. खुर्ची उचलायला चार माणसे लागतात आणि त्यांना उचलण्याची पद्धत आधी शिकवावी लागते. आत मोबाईल नेता येत नाही. गर्दीत चुकामूक झाली तर फोन करून शोधता येत नाही, म्हणून भेटीची जागा आणि वेळ आत जाण्याआधीच ठरवावी.

राजगीरला गृध्रकूट चढावा लागतो. वर जाणारी दगडी वाट राजा बिंबिसाराने बांधली असे ह्युएन त्संगाने लिहून ठेवले आहे, पण वाट असली तरी चढ चढच राहतो. विश्वशांती स्तूपाकडे जाणारा जुना रोपवे एकेकट्या उघड्या खुर्च्यांचा आहे. चालत्या खुर्चीत पटकन बसावे लागते, ते अनेकांना जमत नाही. आता तिथे बंद डब्यांचाही रोपवे आहे, तो निवडावा. रोपवेने गेले तरी गृध्रकूटासाठी पुढे पायऱ्या उरतातच. पण याच डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्यालगत, जीवकाम्रवन आहे. वैद्य जीवकाने संघाला दिलेल्या आमराईतल्या विहाराचे हे अवशेष. देवदत्ताने ढकललेल्या दगडाने पायाला जखम झाली तेव्हा बुद्धांना इथेच आणले होते, असे परंपरा सांगते. वेणुवनही सपाटीवर आहे.

आमच्या गटात राजगीरला यावरूनच वाद झाला. तरुणांना पहाटे गृध्रकूटावर जायचे होते. ज्येष्ठांचे म्हणणे होते की तुम्ही जा, आम्ही खाली गाडीत बसतो. गाडीत बसणे ही यात्रा नव्हे, हे शेवटी सगळ्यांना मान्य झाले. मग सर्वांची वंदना आणि प्रवचन जीवकाम्रवनात ठेवले, आणि डोंगर चढणारे दुसऱ्या दिवशी पहाटे दोन तुकड्यांत जाऊन आले. अर्धांगवायू झालेल्या काकांना जीवकाची गोष्ट सांगायला दिली होती. बोलताना त्यांची जीभ अडखळते. वीस मिनिटांची गोष्ट पाऊण तास चालली आणि एकही माणूस उठला नाही.

कुशीनगर गोरखपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. परिनिर्वाण मंदिर उंच जोत्यावर आहे, पायऱ्या चढाव्या लागतात. श्रावस्तीचे जेतवन बऱ्यापैकी सपाट आहे, पण अंतरे मोठी. लुंबिनी नेपाळमध्ये आहे. भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. आत मायादेवी मंदिरापर्यंत मोटार जात नाही, काही अंतर रिक्षाने किंवा पायी जावे लागते.

आखणी : कमी ठिकाणे, जास्त थांबे

आठ दिवसांत आठ ऐवजी तीन स्थाने घ्या. सारनाथ, बोधगया आणि राजगीर या तीन ठिकाणांचा मेळ चांगला बसतो. वाराणसी आणि गया ही दोन्ही मोठी रेल्वे स्थानके आहेत. वाराणसीत हिंदू विश्वविद्यालयाचे रुग्णालय, गयेत अनुग्रह नारायण मगध वैद्यकीय महाविद्यालय, राजगीरजवळ पावापुरी येथे भगवान महावीर आयुर्विज्ञान संस्था (पूर्वीची वर्धमान आयुर्विज्ञान संस्था) आहे. याची किंमत आहेच. आमच्या गटाला लुंबिनी आणि कुशीनगर पाहता आले नाही आणि काहींना त्याची हळहळ अजून वाटते. पण जे पाहिले ते सगळ्यांनी पाहिले.

ऋतू महत्त्वाचा. डिसेंबर-जानेवारीत बिहार आणि उत्तर प्रदेशात कडाक्याची थंडी आणि धुके असते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध बरा.

गाडी दर दोन तासांनी थांबवायची, आणि थांबायचे तिथे शौचालय हवे. यात्रेतला सर्वांत मोठा प्रश्न शौचालयाचा आहे आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. लघवीला जायची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि सिकलसेल असलेल्या मुलीला तर पाणी कमी पडणे हेच संकट. घडीची कमोड खुर्ची आणि आडोशाला चादर गटासोबत असावी. मुक्कामाची खोली तळमजल्यावर हवी हे फोनवर ठरवून भागत नाही. एका मुक्कामी आम्हाला तळमजला कबूल करून दुसरा मजला दिला, लिफ्ट नव्हती. तेव्हापासून दाराच्या आणि शौचालयाच्या रुंदीसह खोलीचे छायाचित्र मागवल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम देत नाही.

आजार ओळखून तयारी

प्रत्येक यात्रेकरूच्या डॉक्टरांचे पत्र, औषधांची यादी आणि मुक्कामापेक्षा पाच दिवस जास्तीची औषधे ही सर्वांसाठी पहिली अट. त्यापुढे :

- सिकलसेल : थंडी, दमणूक आणि पाण्याची कमतरता यांनी वेदनांचा झटका येतो. पाण्याची बाटली सतत हातात, अंगात ऊबदार कपडे. ताप आला तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.
- मधुमेह : जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत. पायांची संवेदना कमी झालेल्यांना तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. चपला काढाव्या लागतात तिथे जाड सुती मोजे घालावेत आणि रात्री तळपाय तपासावेत. पाय दुखणाऱ्या आणि भेगाळलेल्या भिक्खूंना बुद्धांनी पादत्राणाची मुभा दिली होती, हे संकोच करणाऱ्यांना सांगावे.
- अष्टशील घेणारे : यात्रेत अनेक उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे करू नये. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे आजारी भिक्खूंना अवेळीही घेण्याची परवानगी विनयात आहे. उपाशी राहून साखर उतरवून घेणे म्हणजे शील नव्हे.
- डायलिसिस : आठवड्यातून दोन-तीनदा ज्यांना यंत्रावर जावे लागते त्यांच्यासाठी लांबची यात्रा धोक्याची आहे. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी होईल असे जवळचे ठिकाण निवडावे. नागपूरची दीक्षाभूमी आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस गर्दी नसलेल्या दिवशी सोयीचे. अजिंठ्याला पायऱ्या आहेत, पण डोलीवाले मिळतात.
- मानसिक आजार आणि विस्मरण : झोप आणि औषध चुकू देऊ नये. सोबती रोज बदलू नये. खिशात नाव आणि संपर्क क्रमांकाचे कार्ड असावे.
- अंध आणि कर्णबधिर बांधव : अंधांसाठी स्तूपाची आणि सिंहशीर्षाची छोटी प्रतिकृती न्यावी, हाताने पाहता येते. कर्णबधिरांसाठी दिवसाचा कार्यक्रम आणि प्रवचनाचा सारांश लिहून द्यावा.

थुंकीत जंतू असलेला क्षयरोग किंवा दुसरा संसर्गजन्य आजार सुरू असेल तर मात्र थांबायला सांगावे, आणि बरे झाल्यावरची जागा त्याच वेळी लिहून ठेवावी.

प्रवासाचे कागद

सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध आणि बौद्धिक दिव्यांग यांना रेल्वेच्या स्लीपर व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत आहे. राजधानीसारख्या गाड्यांत ती कमी होते. एका सोबत्यालाही तेवढीच सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेचे दिव्यांग ओळखपत्र महिना-दोन महिने आधी काढून ठेवावे. सिकलसेलच्या रुग्णांना सवलत आहे, पण ती उपचार किंवा तपासणीसाठीच्या प्रवासालाच. यात्रेला ती लागू नाही. कायदा ज्याला दिव्यांगत्व मानतो त्याला तिकीट खिडकी मानत नाही, हा मुद्दा आपल्या संघटनांनी निवेदनात मांडण्यासारखा आहे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हेही हिशेबात धरावे.

सेवा कोणी करायची?

घरात आजाऱ्याची सेवा कोण करते? बहुतेक ठिकाणी सून, मुलगी, पत्नी. यात्रेतही तीच सोबती म्हणून येते. सासूबाईंची खुर्ची ढकलत ती बोधगयेला पोहोचते, त्यांना औषध देते, कपडे धुते आणि बोधिवृक्ष न पाहता परत येते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून सोबतीलाही यात्रेकरू धरा. प्रत्येक स्थानी तिला किमान दोन तास पूर्ण मोकळे मिळावेत आणि त्या वेळात दुसऱ्या सेवकाने, शक्यतो तरुण मुलांनी, तिची जागा घ्यावी.

चांगल्या सेवकाचे पाच गुण महावग्गात दिले आहेत : औषध तयार करता येणे, काय चालते आणि काय चालत नाही हे कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-उलटीची किळस न करणे, आणि अधूनमधून धम्माच्या बोलण्याने उभारी देणे. आजाऱ्याकडूनही अपेक्षा सांगितल्या आहेत. त्याने पथ्य पाळावे, त्यातही प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, वेदना सोसण्याचे बळ ठेवावे आणि दुखणे वाढले की कमी झाले ते खरे खरे सांगावे. ही दुसरी यादी आम्ही निघण्याआधी सर्वांना वाचून दाखवतो. गटाला त्रास नको म्हणून छातीतली कळ लपवणारी माणसे आपल्यात फार आहेत.

खर्चाचे गणित सोपे आहे. ३० यात्रेकरूंमागे तीन सेवक नेले आणि त्यांचा खर्च सर्वांत वाटला तर प्रत्येकाच्या वर्गणीत दहा टक्के भर पडते. आजाऱ्याच्या कुटुंबावर तो एकट्यावर टाकू नये.

काही झाले तर जबाबदार कोण?

शेवटी प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येतोच. त्याला बगल देऊ नये. आजारी माणूस, त्याचे कुटुंब आणि संयोजक यांनी डॉक्टरांच्या पत्रासह एकत्र बसावे. कोणत्या परिस्थितीत यात्रा सोडून परतायचे, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, सोबत कोण थांबेल, पैसे कुठून येतील हे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. त्यानंतरही धोका उरतो. तो घ्यायचा की नाही हा निर्णय त्या सज्ञान माणसाचा आहे. मुलगा, सून किंवा मंडळाचा अध्यक्ष यांचा नाही. आपण त्याला माहिती द्यायची, आपल्या मर्यादा सांगायच्या आणि त्याचे ऐकायचे. काळजीच्या नावाखाली माणसाला घरी बसवून ठेवणेही बंधनच असते.

लांबची यात्रा एकदम काढू नका. आधी आपल्याच तालुक्यातल्या बुद्धविहारात चाकाची खुर्ची जाते का ते पाहा. बहुतेक ठिकाणी दारात तीन पायऱ्या असतात. एका रविवारी श्रमदानाने तिथे उतार होऊ शकतो. मग एक दिवसाची सहल, मग दोन मुक्कामांची लेणी-भेट आणि त्यानंतर बोधगया. येत्या वर्षावासात आपल्या वस्तीत घरोघरी जाऊन विचारा की कोणाला यात्रेला जायचे होते आणि आपण कोणाला थांबवले. ती नावे यादीत सर्वांत वर लिहा. वेळापत्रक त्यांच्याकडे पाहून करा.

नमो बुद्धाय! जय भीम!